पाळण्यातले पाय आणि धावफलक

मराठीत म्हण आहे, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. आमच्या घरच्या भाषेत तीच गोष्ट ‘होनहार बिरवान के होत चीकने पात’ अशी सांगतात. जे रोप पुढं जोमानं वाढणार, त्याची पानं आधीपासूनच तुकतुकीत असतात. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना या दोन म्हणी मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो. मुलांना गंमत वाटते, दोन भाषांचं नातं कळतं, तास छान जातो. पण क्रिकेटचा इतिहास थोडाफार वाचलेला माणूस म्हणून मला विचाराल, तर दोन्ही म्हणी अर्ध्याच खऱ्या आहेत.

विषय निघाला तो आमच्या देवळाली कॅम्पातल्या जुन्या वादावरून. पोरं बदलतात, वाद तोच. सोळा वर्षांखालच्या मुलांत आपल्याकडचा पहिला कोण, दुसरा कोण, निवड चाचणीला नाशिकला कोणाला पाठवावं, आणि ‘पुढं जाणारा’ कोण. लॅम रोडवर चहा घेताना या वादात निवृत्त फौजी असतात, शिंपी असतात, रिक्षावाले असतात, आणि पोरं शाळेतली म्हणून मास्तरलाही ओढलं जातं. यंदाचा वाद दोघांचा आहे. एकानं शाळांच्या सामन्यात दीडशेच्या वर धावा कुटल्या. दुसरा डावखुरा फिरकी गोलंदाज, अंगानं किरकोळ, नावावर सांगण्यासारखा आकडा नाही. पण त्याचा चेंडू ज्यांनी खेळलाय ते त्याचंच नाव आधी घेतात. दीडशेवाल्याचे वडील परवा मला गाठून म्हणाले, “सर, मुंबई भेजता हूं इसको. कर्जा निकालूंगा, लेकिन भेजूंगा.” त्यांना रस्त्यात उभ्या उभ्या जे सांगता आलं नाही, ते इथं लिहितो आहे.

असा वाद कुठंही सुरू झाला की गाडी १९८८ वर येतेच. हॅरिस शिल्ड ही मुंबईच्या शाळांची स्पर्धा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झाली, मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या लॉर्ड हॅरिसच्या नावानं. त्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात, फेब्रुवारी १९८८ मध्ये, आझाद मैदानावर शारदाश्रमच्या दोन पोरांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची न तुटलेली भागी केली. आचरेकर सरांचे सहायक डाव घोषित करा म्हणून बाहेरून खुणा करत होते आणि ही दोघं तिकडं बघतच नव्हती, ही गोष्ट आता सगळ्यांना पाठ आहे. समोरच्या संघात साईराज बहुतुले होता, तोही पुढं भारताकडून खेळला. म्हणजे गोलंदाजी अगदीच पोरकट नव्हती.

आता त्या संध्याकाळचा धावफलक घ्या आणि दोघांचा क्रम लावा. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६. विनोद कांबळी नाबाद ३४९. मग झेवियर्सचा डाव १४५ वर आटोपला, त्यात कांबळीचे ३७ धावांत ६ बळी. कागदावरून यादी करणारा कोणीही प्रामाणिक माणूस त्या दिवशी विनोदला वर ठेवेल. सचिनच्या आधीच्या वर्षाच्या खात्यातही दोन नकार जमा होते. १९८७ मध्ये मुंबईच्या सर्वोत्तम ज्युनिअर खेळाडूचा पुरस्कार त्याला मिळाला नव्हता. तेव्हा सुनील गावस्करांनी त्याला पत्र पाठवून धीर दिला, की हा पुरस्कार न मिळालेल्या आणखी एकाचं पुढं फारसं वाईट झालं नाही. तो एक म्हणजे स्वतः गावस्कर. त्याच सुमारास मद्रासच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये डेनिस लिलीनं सचिनला वेगवान गोलंदाजीचा नाद सोडायला सांगितलं. लिलीचं बरोबरच होतं. पुरस्कार देणाऱ्यांनीही समोरच्या हंगामाचे आकडे पाहूनच ठरवलं असणार. प्रत्येकानं आपल्यापुढचा प्रश्न सोडवला, आणि सोळाव्या वर्षी, १५ नोव्हेंबर १९८९ ला, पोरगा कराचीत कसोटी खेळत होता.

गोष्ट इथं संपत नाही. १९९३ मध्ये मी शाळेत होतो आणि आमच्या मोहल्ल्यात निम्मी पोरं विनोदची होती. फेब्रुवारीत वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४. पुढच्या महिन्यात दिल्लीत झिम्बाब्वेविरुद्ध २२७. तो दिल्लीचा सामना १३ मार्चला सुरू झाला, मुंबईच्या बॉम्बस्फोटांच्या दुसऱ्या दिवशी. त्या आठवड्यात आमच्याकडं मोठी माणसं हळू आवाजात बोलत होती, संध्याकाळी दारं लवकर लागत होती, आणि आम्ही पोरं विनोदच्या धावा मोजत होतो. मग श्रीलंकेत १२५ आणि १२०. वर्षाअखेर सरासरीच्या यादीत विनोद सचिनच्या कितीतरी पुढं होता. आणि १९९५ मध्ये, तेविसाव्या वर्षी, त्याची शेवटची कसोटी झाली. १७ कसोट्या, १०८४ धावा, सरासरी ५४.२०. चारही शतकं त्या एकाच वर्षातली.

ही गोष्ट आपल्याकडं शिस्तीचा धडा म्हणून सांगितली जाते. मी वर्गात ती तशी सांगत नाही. चौपन्नची सरासरी असलेला माणूस तेविसाव्या वर्षी कायमचा बाहेर पडतो, तेव्हा त्याला आखूड चेंडूही कारण असतो, निवड समितीही, त्याचा स्वभावही, आणि त्याच वेळी दारात उभे असलेले दुसरे फलंदाजही. एका घरातून रोज शिवाजी पार्क पायी गाठता येत होतं. सचिनला त्यासाठीच काका-काकूंकडं ठेवलं होतं. दुसरा कांजूरमार्गहून लोकलनं किट घेऊन यायचा. हेही त्याच हिशेबात धरायला हवं. कोणी सगळं एका कारणावर आणून ठेवलं की मी समजतो, यानं नुसती बखर वाचलीय, कागदपत्रं पाहिली नाहीत.

त्या ६६४ च्या दिवशी पॅड बांधून बसलेला तिसरा होता अमोल मुजुमदार. त्याची पाळीच आली नाही. पुढं १९९४ मध्ये फरिदाबादला हरियाणाविरुद्ध रणजी पदार्पणात त्यानं २६० केल्या. पदार्पणातला तो तेव्हाचा जागतिक उच्चांक होता. लोक त्याला दुसरा तेंडुलकर म्हणायला लागले. प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा, ३० शतकं, आणि भारताकडून एकही सामना नाही. तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण अशा काळात तो मधल्या फळीचा फलंदाज होता, एवढाच त्याचा दोष. तोच अमोल २०२३ मध्ये भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक झाला आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत त्याच्या संघानं विश्वचषक जिंकला. १९८८ च्या कुठल्याही यादीत ‘भावी प्रशिक्षक’ असा रकाना नव्हता.

त्याच्या आधीच्या पिढीत पद्माकर शिवलकर. डावखुरे फिरकी गोलंदाज, प्रथम श्रेणीत ५८९ बळी, कसोटी शून्य. तिकडं हरियाणाचे राजिंदर गोयल, रणजीत ६३७ बळी, कसोटी शून्य. दोघांच्या पुढं एकच माणूस उभा होता, बिशनसिंग बेदी. यादीत दुसरा असणं म्हणजे फार काही कमी असणं नव्हे. पण संघात डावखुऱ्या फिरकीची जागा एकच असेल तर दुसरा आणि विसावा यांत फरक राहत नाही.

वाट पाहण्याविषयी आम्हा देवळालीकरांना कोणी शिकवू नये. इंग्रजीत वेड लागण्याला एक शब्द आहे, ‘डूलॅली’. तो आमच्या गावाचं नाव आहे. इंग्रजांच्या काळात नोकरीची मुदत संपलेले गोरे सैनिक देवळालीच्या छावणीत आणून ठेवत. त्यांना मायदेशी नेणारी जहाजं साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटत. ज्याची मुदत एप्रिलात संपली तो पुढच्या हंगामापर्यंत इथंच. धड काम नाही, धड सुट्टी नाही. मग दारू, मारामाऱ्या, ताप, भ्रम. त्यावरून ‘डूलॅली टॅप’ असा शब्दप्रयोग झाला, आणि त्यातला टॅप म्हणजे आपलाच ताप. शिपायाची लायकी संपली नव्हती, जहाज नव्हतं. शिवलकर आणि गोयल यांच्याबद्दल वाचताना मला दर वेळी आमच्या बराकी आठवतात.

आता मोठ्या आकड्यांकडं येऊ, कारण दीडशेवाल्याच्या वडिलांच्या डोक्यात आकडाच बसला आहे. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेनं भंडारी चषकाच्या शालेय सामन्यात नाबाद १००९ केल्या. ३२७ चेंडू, १२९ चौकार, ५९ षटकार. वडील रिक्षा चालवायचे. देशभरात गाजावाजा झाला. त्याच्या संघानं ३ बाद १४६५ वर डाव सोडला, समोरचा संघ ३१ आणि ५२ मध्ये बाद झाला. हे ३१ आणि ५२ कोणी मोठ्या अक्षरात छापले नाहीत. समोरच्या शाळेची मोठी मुलं परीक्षेमुळे आली नव्हती, मैदानाची एक बाजू आखूड होती, झेलही पुष्कळ सुटले. यात प्रणवचा काही दोष नाही. दोन दिवस उभं राहून हजार धावा काढायला जी ताकद आणि एकाग्रता लागते, ती त्याच्यात होतीच. पण तो आकडा त्याच्या मानेवर बसला. मुंबई क्रिकेट असोसिएशननं त्याला पाच वर्षं दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती दिली होती. पुढं धावा होईनात, तेव्हा कुटुंबानं स्वतःहून ती थांबवायला सांगितलं. ज्यांनी पंधरा वर्षांच्या मुलाला रातोरात भारताच्या संघात नेऊन बसवलं होतं, त्यांच्यापेक्षा त्या रिक्षावाल्या बापाचा हिशेब चोख निघाला.

प्रणवनं ज्याचा विक्रम मोडला तो आर्थर कॉलिन्स, इंग्लंडच्या क्लिफ्टन शाळेचा मुलगा, १८९९ मध्ये नाबाद ६२८. तो प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळला नाही. फौजेत गेला आणि १९१४ मध्ये ईप्रच्या लढाईत मारला गेला. आणि शाळेचं सोडा, आपल्या कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर घ्या. डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर होता. पाहुण्यांचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब म्हणाले, पुरे झालं, आणि संघ घेऊन निघून गेले. आपल्या नावासमोर एवढी मोठी नामुष्की लागू नये, असा संस्थानी हिशेब असावा. निंबाळकरांना अधिकृत कसोटी एकही मिळाली नाही. तेव्हाही लोक म्हणालेच असतील, समोर गोलंदाजी कसली होती! आकड्याच्या मागं समोरचा संघ बघावा हे खरं, पण त्या न्यायानं सगळेच आकडे खोटे ठरवायचे म्हटलं तर खेळणाऱ्यानं करायचं काय?

आमच्या मोहल्ल्यात सगळ्यात तापलेला वाद सर्फराज खानचा. २००९ मध्ये, बाराव्या वर्षी, त्यानं हॅरिस शिल्डमध्ये ४३९ केल्या. चार वर्षांनी त्याच रिझवी स्प्रिंगफिल्ड शाळेच्या पृथ्वी शॉनं ५४६ केल्या. पृथ्वी अठराव्या वर्षी कसोटीत आला, २०१८ मध्ये राजकोटला पहिल्याच डावात १३४. सर्फराजनं रणजीच्या एका हंगामात ९२८ आणि २०२१-२२ च्या हंगामात ९८२ धावा काढल्या, तरी कसोटी टोपी मिळायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. तेही राजकोटलाच, ६२ आणि नाबाद ६८. वडील नौशाद खान टोपी हातात घेऊन रडले, ते दृश्य पाहताना आमच्या गल्लीतले म्हातारेही डोळे पुसत होते. पृथ्वीच्या तोवर पाच कसोट्या होऊन गेल्या होत्या, आणि २०२४ च्या आयपीएल लिलावात त्याला कोणी घेतलं नाही.

सर्फराजला एवढं थांबवलं ते नावामुळं का, असं मला मुलं विचारतात. मी त्यांना अमोल मुजुमदार सांगतो, शिवलकर सांगतो, २०१६ मध्ये नाबाद ३०३ करून काही महिन्यांत बाहेर गेलेला करुण नायर सांगतो. नावामुळंच असतं, तर वसीम जाफर मुंबईचा कर्णधार झाला नसता. पण हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला मी गप्पही बसवत नाही. भाड्याचं घर शोधताना, नोकरीचा अर्ज भरताना जे त्याच्या घरात बोललं जातं, तेच तो मैदानात घेऊन येतो. याच मातीत पळवणकर बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेतले होते, आणि जातीमुळं हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. हे घडलंय. तेव्हा पोरानं शंका घेतली तर तिचा राग कशाला यायचा?

आणखी एक गोष्ट आम्ही शिक्षकच जाणतो. वय. आमच्या वडिलांच्या पिढीत निम्म्या माणसांची जन्मतारीख १ जून आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, बाप मुलाला घेऊन यायचा, मास्तर विचारायचे कधीचा जन्म, बाप म्हणायचा पाऊस पडत होता, आणि मास्तर १ जून लिहून मोकळे. आजही घरी झालेलं बाळंतपण, उशिरा केलेली नोंद, असे दाखले येतात. मंडळ आता मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय पाहतं, आणि वयोगटाची रेघ १ सप्टेंबरला ओढतं. त्या रेघेच्या जरा अलीकडं जन्मलेला आणि पलीकडं जन्मलेला यांत चौदाव्या वर्षी केवढं अंतर पडतं, हे कुठल्याही पीटीच्या सरांना विचारा. एकाला मिसरूड फुटलेली, दुसऱ्याचा आवाज अजून बारीक. आमचा दीडशेवाला सप्टेंबरचा आहे, वर्गात सगळ्यांत उंच. फिरकीवाला ऑगस्टचा. लॅम रोडच्या चहावर हे कोणी धरत नाही.

अमेरिकेत या गोष्टीचा धंदाच झालाय. तिथं बेसबॉलच्या खालच्या लीगमधल्या पोरांच्या दर वर्षी क्रमवार याद्या छापतात, त्यावर लोक तावातावानं भांडतात, पूर्वी पहिल्या दहात असलेले आता कुठं आहेत याचेही हिशेब मांडतात. तिथला माइक पियाझा १९८८ मध्ये, म्हणजे आपल्या ६६४ च्याच वर्षी, निवडीच्या बासष्टाव्या फेरीत घेतला गेला, तोही वडिलांच्या ओळखीखातर. २०१६ मध्ये, म्हणजे आपल्या १००९ च्या वर्षी, त्याला त्यांच्या खेळातला सर्वोच्च मान मिळाला. निदान ते लोक चुकलेल्या याद्या जपून ठेवतात. आपण पुढचा हंगाम आला की मागचा ‘दुसरा सचिन’ विसरतो.

आपल्या बाजूचा पियाझा म्हणजे झहीर खान. श्रीरामपूर, आमच्यापासून काही तासांच्या अंतरावर. शाळेच्या कुठल्या विक्रमात नाव नाही. सतराव्या वर्षी मुंबईला गेला, नॅशनल क्रिकेट क्लबात सुधीर नाईकांनी पाहिला, मग एमआरएफ, मग रणजी बडोद्याकडून. कसोटीत ३११ बळी आणि २०११ च्या विश्वचषकात २१. हॅरिस शिल्डच्या उजेडाबाहेरचा पोरगा होता तो. आमचीही पोरं त्या उजेडाबाहेरच आहेत. नाशिक जिल्हा महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडं येतो, मुंबईकडं नाही. आमच्या मुलांचा रस्ता गोल्फ क्लब मैदानावरून पुण्याकडं जातो. आणि तो रस्ता बंद नाही. सत्यजित बच्छाव त्यावरून महाराष्ट्राच्या संघात गेला, रामकृष्ण घोषला चेन्नईनं घेतलं, साहिल पारखनं २०२४ मध्ये १९ वर्षांखालच्या भारतीय संघाकडून ऑस्ट्रेलियाविरुद्ध शतक ठोकलं, आणि सिन्नरची माया सोनवणे आपली जगावेगळी लेगस्पिन घेऊन महिलांच्या टी-ट्वेंटी चॅलेंजपर्यंत पोचली.

म्हणून दीडशेवाल्याच्या वडिलांना माझं म्हणणं एवढंच: भाई, कर्ज काढू नका. मुंबईत खोली, क्लबची फी, किट, जेवण, आणि पंधराव्या वर्षी घरापासून तुटलेलं पोर, हे सगळं एका डावाच्या भरवशावर होत नाही. त्याला दोन हंगाम सिटीलिंकच्या बसनं गोल्फ क्लबवर जाऊ द्या. तिथं त्याच्यापेक्षा उंच पोरं गोलंदाजी करतील. त्यांच्यासमोर तीस-चाळीस धावा नेमानं होऊ लागल्या, तर मुंबईचं मीच तुमच्यासोबत बोलायला येईन. आणि दहावी त्याला करू द्या. उर्दूत त्याला चांगले गुण पडतात, मराठीत शुद्धलेखन सुधारायचंय.

फिरकीवाल्याची अडचण उलटी आहे. त्याला पाठवा म्हणून मी मागं लागलोय आणि त्याचे वडील तयार नाहीत. दुकानात शिवणयंत्रावर बसतात, मोठा मुलगा हाताशी नाही, संध्याकाळी काजं-बटणं करायला हाच लागतो. “सर, गेंद फिराके घर नहीं चलता,” म्हणाले. यावर माझ्याजवळ शिवलकरांचे ५८९ बळी होते, पण ते सांगून उपयोग नव्हता. उलट त्यांच्याच बाजूचा पुरावा झाला असता. चाचणीचा फॉर्म माझ्या टेबलाच्या खणात आहे, मुलाचं नाव आणि जन्मतारीख मी भरली आहे. पालकाच्या सहीची जागा रिकामी आहे. शुक्रवारी जुम्याची नमाज झाली की दुकानावर जाणार आहे. बटणं करायला दुसरं कोणी मिळतं का, तेही पाहून ठेवलंय.